मुठीएवढं पोट

लग्न होऊन श्रीगोंद्याकडच्या त्या घरात गेले तेव्हा मी एका बसणीला तीन भाकरी खायची, आणि हे आठवड्याभरात सगळ्या आळीला कळलं होतं. माहेरी कुणी भाकरी मोजत नव्हतं. सासरी मोजत, पण फक्त बायकांच्या. गड्यांच्या ताटात वाढताना सासूबाई दुरडीकडे बघतही नसत. आमची पाळी आली की त्यांची नजर दुरडीवरून माझ्या हातावर आणि हातावरून माझ्या तोंडावर जायची. मी तरीही खायची. मला खायला आवडायचं, हे सांगायला आज मला कसली लाज नाही. तव्यावरून उतरलेली बाजरीची भाकरी, तिच्या पापुद्र्यात भरलेलं लोणी आणि वर ठेचा, एवढं मिळालं की मी दिवसभर कुणाचंही बोलणं ऐकून घेऊ शके.

आमचं गुऱ्हाळ होतं. गुळाच्या ढेपा तोलायचा मोठा काटा आढ्याला टांगलेला असे. ज्या वर्षी दुष्काळ पडला, त्याच्या आधीच्या वर्षी गुऱ्हाळ उठायच्या दिवशी बायकांना हुक्की आली आणि एकेक जण पारड्यात बसू लागली. दुसऱ्या पारड्यात ढेपा. मला बसवलं तेव्हा ढेपा चढवणारा गडी हसायला लागला आणि म्हणाला, "आता गूळ सरला, दगडं आना." सगळे हसले. मीही हसले. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "म्हस खाती लई, पर गाबन ऱ्हाईना." मला एकच मुलगी होती, पाच वर्षांची, आणि तिच्यानंतर काही राहिलं नव्हतं. ती तिथंच उसाचं कांडं चोखत उभी होती. आमचे हे काट्याची साखळी धरून उभे होते. त्यांनी साखळी सोडली आणि बाहेर निघून गेले.

पोट दुखायला त्याच्या कितीतरी आधी लागलं होतं. उपाशीपोटी कोरा चहा, मग रानात उन्हात काम, मग दुपारी ठेचा. बरगडीखाली कुणीतरी निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. मी कुणाजवळ बोलले की उत्तर ठरलेलं. सासूबाई म्हणायच्या, "हादडल्यावर दुखनारच." थोरल्या जाऊबाई ओवा द्यायच्या, पण देताना हसायच्या. एके दिवशी विहिरीवर धुणं धुता धुता मी काळं-लाल रक्त ओकले. तेव्हा कुठं घरच्यांना पटलं की हे जास्त खाण्याचं दुखणं नाही. जीपगाडीत घालून मला नगरच्या दवाखान्यात नेलं. आतड्याच्या तोंडाशी जखम झाली होती, ती फुटली होती. पोट कापावं लागलं.

शुद्धीवर आले आणि हळूहळू पाणी, मग पेज सुरू झाली. घरी सोडायच्या दिवशी डॉक्टर आले. खाटेशी माझे थोरले दीर आणि आमचे हे उभे होते. आमचे हे नेहमीसारखे अर्धा पाऊल मागे. डॉक्टर बोलत होते ते थोरल्या दिरांशी. मी पदर पुढं ओढून भिंतीकडं तोंड करून पडले होते, कारण थोरल्या दिरांसमोर आमच्यात तसंच वागायचं असतं, पोट शिवलेलं असलं तरी.

डॉक्टरांनी मूठ वळून दाखवली. म्हणाले, "पोटाचा मोठा भाग काढलाय. आता एवढंच उरलंय. एका वेळी एवढंच खायचं. पण दर दोन-अडीच तासांनी खायचं. दिवसातून सहा वेळा तरी. मऊ भात, दूध, अंडं, कुस्करलेली भाकरी. जेवताना पाणी नको. गूळ-साखर नको, घाम फुटेल, चक्कर येईल. सुरुवातीला वजन उतरेल. उतरतच राहिलं तर लगेच घेऊन या."

थोरले दीर "व्हय, व्हय" म्हणत होते आणि दाराकडं बघत होते. श्रीगोंद्याची एसटी सुटायची वेळ झाली होती. मी भिंतीकडं तोंड करून शब्द न् शब्द ऐकला. जिचं पोट कापलं होतं तिला मात्र कुणी काही सांगितलं नाही.

घरी पोचलो तर अंगण भरलेलं. ऑपरेशन झालेली बाई आळीत पहिलीच. थोरले दीर बाजेवर बसले, पाणी प्याले आणि सगळ्यांसमोर मूठ वर धरली. "डाक्टर म्हनला, प्वाट आता येवढंच ठिवलंय. थोडंच खायाचं. गूळ बंद."

एवढंच. 'सहा वेळा' हे शब्द नगरच्या स्टँडवर राहिले की केडगावच्या पुढं कुठं गाडीतून खाली पडले, देव जाणे. त्यांच्या मनात पाप होतं असं मी म्हणत नाही. बाईमाणसाच्या खाण्याबद्दल एवढं लांबलचक बोलणं त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. त्यातलं जे घराच्या रीतीला धरून होतं तेवढं त्यांच्या डोक्यात राहिलं.

सासूबाईंनी स्वतःची मूठ वळून पाहिली. त्या अंगानं काटकुळ्या. डॉक्टरांची मूठ माझ्या दिरांच्या मुठीत मावली असती, आणि सासूबाईंची मूठ म्हणजे लिंबू. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली आणि म्हणाल्या, "येवढंच व्हय? बरं झालं बाई."

त्या दिवसापासून मला चतकोर भाकरी मिळू लागली. दुपारी एकदा, रात्री एकदा. सगळे गडी जेवून उठल्यावर, पोरं जेवून झाल्यावर, आम्ही बायका चुलीपाशी बसायचो तेव्हा. सासूबाई अख्खी भाकरी हातात घ्यायच्या, मोडून चार भाग करायच्या, एक माझ्या ताटलीत टाकायच्या आणि उरलेली पुन्हा दुरडीत ठेवून वर फडकं झाकायच्या. सोबत आमटीचं पाणी. दूध गड्यांना आणि पोरांना.

आणि घरात नव्हतं असं समजू नका. पुढं दुष्काळ पडला, ऊस जळाला, गुऱ्हाळ बंद झालं, लोक खडी फोडायला गेले, हे सगळं खरं. पण आमच्या कणग्या भरलेल्या होत्या. अंड्यांसाठी कोंबड्या होत्या. दाराशी दुभती गाय होती, आणि मला त्या गाईच्या शेणाची पाटी उचलावी लागे.

तुम्ही विचाराल, तोंड उघडून सांगितलं का नाही? सांगते. आमच्यात सुनेनं स्वतःच्या तोंडानं खायला मागायचं नसतं. मीठ मागता येतं, पाणी मागता येतं, भाकरी नाही. वाढणाऱ्या बाईनं विचारायचं आणि खाणारीनं एकदा नको म्हणायचं, मग तिनं आग्रह करायचा, मग आपण घ्यायचं. मला कुणी विचारतच नव्हतं. मग मी नको तरी कशाला म्हणणार? आणि मागायचं म्हणजे काय मागायचं? एक वाढीव घास नाही, दिवसातून सहा वेळा ताट! जिला म्हैस म्हणून हिणवलं तिनं पोट कापून आल्यावर सहा वेळा मागायचं! मी एकदा थोरल्या जाऊबाईंना हळूच म्हणाले, "डॉक्टर दर दोन तासांनी खा म्हणाले होते." त्या म्हणाल्या, "दोन तासांनी? येवढ्या येळा तर चूल बी पेटत न्हाई." आणि संध्याकाळपर्यंत ते घरभर झालं. सासूबाई मला म्हणाल्या, "माझा ल्योक खोटं बोलला का?" तिथंच बोलणं संपलं.

मी उतरत गेले. आधी चोळ्या सैल झाल्या, मग बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. केसांचा पुंजका हातात यायचा. आणि काय सांगू, आळीतल्या बायका कौतुक करायला लागल्या! "आता कशी शेलाटी दिसतीस." "डाक्टरनं लई झाक काम केलं." एकीनं तर आपल्या जाड्या सुनेला माझ्यासमोर आणून उभं केलं आणि म्हणाली, "हिचं बी कापून येतं का बघा." घरच्या बायकांनी मला पुन्हा काट्यावर बसवलं. गूळ नव्हता, म्हणून पारड्यात दगड टाकले. थोडे टाकल्यावरच माझं पारडं वर गेलं. सगळ्या टाळ्या पिटून हसल्या. सासूबाई म्हणाल्या, "आता कशी मानसात आली." मला त्या क्षणी तिचा गळा धरावासा वाटला. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही, पण वाटलं होतं आणि अजूनही आठवलं की वाटतं.

भुकेनं माणूस काय करतं? चोरतं. एकदा भर दुपारी सासूबाई सोडून सगळे रानात गेलेले. मी गुळाच्या मडक्यात हात घातला. गूळ नको असं डॉक्टरांनी सांगितलेलं मला माहीत होतं, पण हाताला दुसरं काही लागत नव्हतं. दुरडी सासूबाई उतरंडीच्या मागं ठेवायच्या आणि तिथं त्या स्वतः झोपलेल्या. मी गुळाचा चांगला खडा मोडून तोंडात टाकला. काय गोड लागला म्हणून सांगू! आणि जरा वेळानं अंगाला दरदरून घाम सुटला, छाती धडधडायला लागली, हातपाय कापायला लागले, आणि मी उखळाजवळ आडवी झाले. पडल्याच्या आवाजानं सासूबाई जाग्या झाल्या. त्यांनी आधी माझं तोंड उघडून वास घेतला. मग माझ्या ओठाला लागलेला गूळ बोटानं पुसून बघितला. मग दारात जाऊन ओरडल्या, "या गं बायांनो, बघा, चोरून गूळ खाऊन पडलीया!" बायका आल्या. मी घामानं भिजून जमिनीवर पडलेली, आणि त्या माझ्याभोवती उभ्या. पाणी द्यायचं कुणाला सुचलं नाही. माझ्या मुलीनं मात्र तांब्या आणला. ती तेव्हा सहा वर्षांची झाली होती. तिनं तांब्या माझ्या तोंडाला लावला आणि बायकांकडं बघत राहिली.

त्यानंतर गुळाचं मडकं शिंक्यावर चढलं.

शेवटी आमच्या ह्यांनाच भीती वाटली असावी, कारण एके दिवशी जेवताना ते थोरल्या भावाला म्हणाले, "दादा, हिला एकदा दावून आनू." लग्नानंतर माझ्या बाजूनं त्यांच्या तोंडून निघालेलं ते पहिलं वाक्य. थोरल्या दिरांनी हो म्हटलं, पण न्यायला ते स्वतः आले, कारण डॉक्टरांशी बोलायचं काम त्यांचं.

डॉक्टरांनी मला वजनकाट्यावर उभं केलं आणि आकडा बघून चष्मा काढला. म्हणाले, "दिवसातून किती वेळा खाता?"

थोरले दीर म्हणाले, "दोनदा. तुमी सांगितलं तसं थोडंच. आमी लई सांबाळतो."

"मी बाईंना विचारतोय."

खोलीत नर्स होती, दाराशी रांगेतले लोक होते, आणि थोरले दीर माझ्या शेजारी उभे होते. मी जमिनीकडं बघत म्हणाले, "दोनदा. चतकोर."

डॉक्टर माझ्यावर नाही ओरडले, दिरांवर ओरडले. सगळ्यांच्या देखत. "सहा वेळा खायला द्या म्हणून सांगितलं होतं! मारायचंय का हिला?" असं सरळ म्हणाले. थोरल्या दिरांचा असा पाणउतारा कधी झाला नव्हता. ते लाल झाले. मला आतून इतकं बरं वाटलं की मी ताठ उभी राहिले. परतीच्या गाडीत ते माझ्यापासून लांब बसले. स्टँडवर त्यांनी स्वतःसाठी शेव-चुरमुरे घेतले होते, ते सगळे एकट्यानं खाल्ले आणि कागद खिडकीतून बाहेर टाकला.

घरी आल्यावर ते सासूबाईंना एवढंच म्हणाले, "सा येळा वाढा म्हनं हिला." आणि हात धुवायला गेले.

मला वाटलं, सुटले. खरंच वाटलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर मी दुसऱ्या दिवशीची दूध-भाकरी मनातल्या मनात कुस्करत होते.

सकाळी सासूबाईंनी मला हाक मारली. त्यांनी एक चतकोर भाकरी घेतली, नेहमीचीच. तिचे तीन तुकडे केले. दुसरी चतकोर घेतली. तिचेही तीन तुकडे केले. सगळे तुकडे एका वाडग्यात मांडले आणि वर ताटली झाकली. "सा येळा," त्या म्हणाल्या. "डाक्टरच्या मनासारखं."

त्यांच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं. असतं तर मी भांडले असते. त्यांना मनापासून वाटत होतं की हिशेब बरोबर आहे. दिवसाचं जेवढं ठरलंय तेवढं, आता ते दोनदा खा नाहीतर सहादा. आणि त्या एकही वेळ चुकवत नसत. दारात उभ्या राहून आळीला ऐकू जाईल अशी हाक मारायच्या, "ये गं, तिसरं जेवान करून जा!" मी रानात असले तर कुणाला तरी पाठवून बोलावून घ्यायच्या. मी येऊन बोटाएवढा तुकडा खायची आणि परत जायची. पोरं मागून ओरडायची, "सा जेवनाची, सा जेवनाची." बायका एकमेकींना सांगायच्या, काय नशीब काढलंय, सासू सहा वेळा हाक मारून जेवू घालते.

मी मरणार हे मला कळत होतं. मरायची भीतीही कमी झाली होती. माणूस फार दिवस अर्धपोटी राहिलं की त्याला स्वतःचाच कंटाळा येतो.

मग तो दिवस आला. दुपारची जेवणं चालली होती. गडी ओळीनं पाटावर बसलेले, पोरं भिंतीकडेला. मी चुलीपाशी. सासूबाईंनी माझ्या मुलीच्या ताटात अर्धी भाकरी वाढली. पोरीनं ती मोडली, चतकोर ठेवली आणि चतकोर परत दुरडीत टाकली. म्हणाली, "मला बास."

"येवढंच?" तिचा बाप म्हणाला.

पोरीनं मूठ वळून दाखवली. "माझं प्वाट येवढं हाय."

सगळे हसले. सासूबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि थोरल्या जाऊबाईंना म्हणाल्या, "हिला वळन चांगलं लागलंया. आईसारकी म्हस व्हायची न्हाई." कितीतरी दिवस ती असं करत होती म्हणे. मला ठाऊकच नव्हतं, कारण पोरं जेवायची तेव्हा मी चुलीकडं तोंड करून भाकरी थापत असे. मी वळून तिच्याकडं बघितलं. खरोखर बघितलं, बऱ्याच दिवसांनी. तिच्या गळ्याची हाडं वर आली होती. मनगट माझ्यासारखं झालं होतं. ती माझ्याकडं बघून हसली. मी शाबासकी देईन असं तिला वाटत होतं.

माझ्या डोक्यात काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. राग होता, एवढं नक्की. मी उठले, थोरल्या दिरांसमोरून चालत गेले, पदर खांद्यावरून घसरला तो तसाच राहू दिला, आणि सासूबाईंच्या समोरच्या दुरडीतून अख्खी भाकरी उचलली. इतकं काही त्या घरात कधी झालंच नव्हतं. मी मुलीच्या शेजारी, भिंतीकडेला, सगळ्या गड्यांच्या देखत मांडी घालून बसले. भाकरी मधोमध मोडली. अर्धी तिच्या ताटात, अर्धी माझ्या हातात. चुलीवरच्या दुधाच्या पातेल्यातून दोन वाट्या आमच्या ह्यांनी उठून भरून आणल्या. ते का उठले ते मी त्यांना पुढं कधी विचारलं नाही.

मी पोरीला म्हणाले, "मी जेवढं खाईन तेवढं तू खायचं."

मी एक घास घेतला. तिनं एक घास घेतला. मी दुसरा घेतला. तिनं माझ्याकडं बघून दुसरा घेतला. माझ्या मुठीएवढ्या पोटात किती मावतं ते मला चांगलं माहीत होतं, आणि तेवढं चौथ्या-पाचव्या घासातच झालं होतं. तरी मी थांबले नाही. थांबले असते तर तीही थांबली असती. पोट दगडासारखं झालं, डोळ्यांपुढं काजवे चमकले, कपाळावर घाम आला. मी चावत राहिले. पोरगी चावत राहिली. समोर गड्यांचे हात ताटातच थांबलेले. शेवटचा घास मी गिळला, तिचा अजून तोंडात होता, आणि मी तोंडावर हात ठेवून बाहेर पळाले.

अंगणात गाईच्या गव्हाणीला धरून मी सगळं ओकले. आळीतल्या बायका दारांत आल्या. आतून सासूबाईंचा आवाज आला, अगदी मोकळा, पुष्कळ दिवसांनी न्याय मिळाल्यासारखा. "बघा! मी सांगत हुते का न्हाई? तिला सोसतच न्हाई!" थोरल्या जाऊबाई "व्हय बाई" म्हणाल्या. कुणीतरी हसलं.

मी तोंड धुतलं आणि परत आले. उंबऱ्यात पोचले तर मुलगी उठून उभी होती. तिचं ताट रिकामं होतं. दुधाची मिशी उमटलेली. तिनं ते ताट दोन्ही हातांनी सासूबाईंसमोर धरलं होतं.

"आजी, आनखी."

सासूबाईंचा हात दुरडीवरच्या फडक्यावर होता. त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. तोंडात आंबट पाणी येत होतं, पण मी चौकट धरून उभी राहिले आणि पोरीच्या ताटात भाकरी पडेपर्यंत तिथून हलले नाही.